एका कामाला एक खिडकी

दसरा झाला की आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या वाड्यावस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडीकुंडी घेऊन ट्रकात बसतात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. गावात माझं छोटं सेवा केंद्र आहे, पण ऊसतोडीच्या हंगामात माझं निम्मं काम या माणसांच्या ओट्यावर बसूनच होतं. त्यासाठी मी नगरहून एक वापरलेला, लहान लॅपटॉप आणला. साडेअकरा इंची पडदा, चार जीबी रॅम, वजन जेमतेम सव्वा किलो. पिशवीत टाकून स्कूटीवर कुठंही नेता येतो आणि वीज नसली तरी चार तास काम निघतं.

वजनाला हलका तसा तो ताकदीलाही हलकाच, हे मला एका आबांच्या ओट्यावर कळलं. त्यांचं पीएम किसानचं ई-केवायसी करायचं होतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा, आणि मुलगा कोल्हापूरकडं उसाच्या फडात. मी फोन लावून सांगितलं, ओटीपी आला की लगेच वाच. तो म्हणाला, "ताई, मोळी बांधतोय, दोन मिनिटं थांबा." मग त्यानं एकेक करून सहा आकडे सांगितले. इकडं माझ्या ब्राउझरमध्ये सकाळपासूनचे सतरा टॅब उघडे होते. सातबारा, पेन्शन, शाळेचा अर्ज, बँक, मेल, सगळं एकाच पट्टीत दाटीवाटीनं. टॅब इतके बारीक झालेले की नावं दिसतच नव्हती. मी घाईत भलत्याच टॅबवर गेले, तिथून परत येईपर्यंत पडदा गोठला आणि ओटीपीची वेळ संपली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा फोन लावला, तर त्यानं उचललाच नाही. आबा म्हणाले, "राहू दे पोरी, हप्ता काय पळून जातोय?" पण त्या घरात दोन हजारांच्या हप्त्यातून म्हातारीच्या गोळ्या येतात, हे मला माहीत होतं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही.

दिवाळीला संगमनेरहून भाचा आला. तो इंजिनिअरिंगला आहे. नवा लॅपटॉप घ्यावा का, असं मी त्याला विचारलं. थोडा वेळ माझं काम बघून तो म्हणाला, "मावशी, हे मशीन पुरेसं आहे. तू त्याच्यावर सगळा आठवडी बाजार एकदम मांडतेस." त्यानं त्यावर लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. तिच्यात 'वेब ॲप्स' नावाचं एक साधन असतं. मिंटमध्ये ते जानेवारी २०२१ मध्ये आलं, आणि त्याच्या मुळाशी पेपरमिंट या दुसऱ्या एका हलक्या लिनक्समधलं 'आइस' हे साधन आहे. तिथं अधिकच्या चिन्हावर टिचकी मारायची, नाव द्यायचं, संकेतस्थळाचा पत्ता टाकायचा, चित्र निवडायचं. झालं. ते संकेतस्थळ इतर प्रोग्रॅमसारखं मेनूत येऊन बसतं आणि स्वतःच्या वेगळ्या खिडकीत उघडतं. विंडोजवर क्रोम किंवा एज असेल, तर त्यांच्या मेनूतूनही संकेतस्थळ असंच ॲप म्हणून बसवता येतं.

मी नावं मराठीतच दिली: सातबारा, किसान, पेन्शन, मेल. आता उतारा काढायचा तर 'सातबारा'. तिथं पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा घ्यायचा आणि खिडकी बंद करायची. खिडकी बंद केली की ते काम डोक्यातूनही जातं. समोर बसलेल्या माणसाकडं बघायला मला पहिल्यांदाच सवड मिळू लागली, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा हाच.

हे साधन समजून वापरायला हवं. खिडकीच्या पोटात ब्राउझरच चालतो, त्यामुळं संकेतस्थळ काही हलकं होत नाही. रॅम वाचते ती मी एका वेळी एकदोनच खिडक्या उघड्या ठेवते म्हणून. मिंटमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र प्रोफाइल देता येतं, म्हणजे एकाचं लॉगिन दुसऱ्यात मिसळत नाही. पण अशा प्रोफाइलसाठी ब्राउझर पुन्हा वेगळा सुरू होतो आणि जास्त रॅम खातो. म्हणून ती सोय मी फक्त माझ्या बँकेसाठी ठेवली आहे. रेंज नसेल तर यातलं काहीच चालत नाही. डोंगराकडच्या वस्तीवर मी अर्ज कागदावर भरून आणते.

दुसरी गोष्ट पत्त्याची. या खिडकीत पत्त्याची पट्टी नसते, म्हणून ॲप बनवताना पत्ता एकेक अक्षर तपासून टाकावा लागतो. एकदा तो बरोबर बसला की दर वेळी गुगलवर शोधायला नको. शोधताना सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी भलतीच पानं वर येतात आणि माणसं तिथं आधार नंबर टाकून बसतात. माझ्या केंद्रात येणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून दाखवते.

दिवाळीनंतर पुन्हा आबांच्या ओट्यावर गेले. त्यांच्या मुलाला जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. पडद्यावर एकच खिडकी होती. त्यानं आकडे सांगितले, मी टाकले, आणि पहिल्याच फेरीत केवायसी झालं. आबांनी आत हाक मारून चहा सांगितला.

माझ्या बाजूची अडचण आता राहिलेली नाही. दुसरी बाजू फडावर जाणाऱ्या कर्त्या लेकरांच्या हातात आहे. ट्रकात बसण्याआधी आई-वडिलांना आधार केंद्रावर घेऊन जा आणि त्यांच्या आधारला घरीच राहणारा मोबाइल नंबर जोडून घ्या.