प्रवरेकाठची भोगी

रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा नदी नेवासे तालुक्यातील प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. तिचा सारा प्रवास अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, या एकाच जिल्ह्यात पूर्ण होतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास या नदीच्या काठाने उगमाकडून संगमाकडे उतरत गेले, तर वाटेवर माणसांची ताटे कशी बदलत जातात हे पाहावयास मिळते. संक्रांतीचा आदला दिवस भोगीचा. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्यांना आधीच मधुमेह वा रक्तदाब जडला आहे, दात उरलेले नाहीत, अशा घरातील वडीलधाऱ्यांनी भोगी कशी खावी, याविषयी ती म्हण मौन बाळगते.

भंडारदऱ्याच्या परिसरात पाऊस उदंड. तेथे भात, नागली आणि वरई पिकते. याच अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. राहीबाई पोपेरे यांनी तेथे गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी घेवड्या-वालाचे कितीतरी वाण जपले आहेत. विषारी फवारणीच्या भाज्यांनी नातू आजारी पडला, या जाणिवेतून हे काम सुरू झाल्याचे त्या सांगतात. एका आजीची काळजी कुठवर पोहोचते ते यावरून दिसते. घेवडा तर भोगीच्या भाजीचा प्राण. कोणती शेंग लवकर शिजते, कोणत्या शेंगेच्या शिरा काढाव्या लागतात, हे ज्ञान पुस्तकांपेक्षा अशा हातांत अधिक टिकून राहिले आहे.

अकोले, संगमनेर मागे टाकून पुढे आलो की डोंगर विरतात आणि उसाचे मळे सुरू होतात. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांनी या भागात आले. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या कारखान्याने शेतकऱ्याला उभे केले, यात शंका नाही. मात्र जी गोडी पूर्वी सणावारी पानात पडे, ती आता रोजच्या चहातही आहे. म्हणून सणाच्या गोडाकडे आज निराळ्या नजरेने पाहावे लागते. ‘गूळ चालतो, तो नैसर्गिक असतो’ हा समज तर घरोघरी आढळतो. मधुमेह्याच्या रक्तातील साखर गुळानेही जवळजवळ साखरेइतकीच वाढते, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

नेवाशाच्या बाजूला, जिथे बाजरी आणि ज्वारीचे राज्य सुरू होते, तिथे माझ्या आत्याबाई राहतात. वय ८४, मधुमेह वीस वर्षांचा, दातांची कवळी सैल झालेली. मागल्या भोगीला मुले-नातवंडे जमली होती. सर्वांच्या पानात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, खिचडी आणि लेकुरवाळी भाजी. आत्याबाईंसमोर मात्र मऊ भात आणि बिनमिठाचे वरण. हेतू चांगलाच होता. त्यांनी वाटी हळूच सरकवली आणि म्हणाल्या, “मी काय दवाखान्यात आहे का गं?” त्या दिवशी त्या जवळपास उपाशी राहिल्या. मधुमेहाची गोळी मात्र सकाळीच घेऊन झाली होती. दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर उतरली होती. वेळीच साखरपाणी दिल्याने निभावले.

या वर्षी वहिनींनी दुसरे पान मांडलेच नाही. भाजी एकच केली: वांगी, घेवडा, पावटा, ओला हरभरा, गाजर, शेंगदाणे, बोरे आणि उसाची कांडी. मीठ घालण्यापूर्वी आत्याबाईंपुरती भाजी वेगळ्या पातेल्यात काढली. त्यातून बोरे व ऊस वगळले, दाणे बोटाने चेपतील इतके शिजवले, तीळ आणि शेंगदाणे बारीक वाटून घातले. अख्खे तीळ कवळीखाली अडकतात, आणि अख्खा शेंगदाणा वृद्धांच्या घशात ठसका लावू शकतो. मीठ हात राखून घातले. त्याची उणीव लिंबू, जिरे आणि तिळाच्या खमंगपणाने भरून काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा, कमी असावे. आपली लोणची-पापडच त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतात.

बाजरीची भाकरी पातळ थापून, गरम असतानाच भाजीच्या रसात कुस्करली. मी तर म्हणेन, ही भाकरी खाण्याची सर्वांत चवदार रीत आहे. म्हातारपणाची वाट पाहण्याचे कारण नाही. जेवताना ताठ बसावे, घास लहान घ्यावेत. वारंवार ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज घोगरा होत असेल, तर त्याला वयाचे लक्षण मानून सोडू नये, डॉक्टरांना दाखवावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास कडधान्ये, शेंगदाणे आणि तीळ किती घ्यावेत, हेही त्यांनाच विचारावे.

वेळेचे काय? नैवेद्य, पाहुणे, पंगत यांत दोन सहज वाजतात. वहिनींनी नैवेद्य अकरालाच दाखवला आणि आत्याबाईंचे पान नातवंडांच्या पंगतीत वाढले. सणाच्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन केव्हा घ्यावे, हे त्यांनी आधीच डॉक्टरांकडून समजून घेतले होते.

आदल्या संध्याकाळी आत्याबाई अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. घेवड्याच्या शिरा नीट निघाल्या नाहीत म्हणून दोन नातींना त्यांनी सुनावलेही. बाजरीचे पीठ जुने निघाले, थोडे कडवट झाले होते; ते त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवून ओळखले आणि पुन्हा ताजे दळून आणायला लावले. वहिनींचे काम त्यामुळे वाढले की कमी झाले, हे त्यांनाच ठाऊक. पण घरात कुणी कुणाला ‘तुम्ही बसा हो’ म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी संक्रांतीची गूळपोळी होती. आत्याबाईंनी अर्धी घेतली, तीही भात वगळून, वर थोडे तूप घालून. उरलेली अर्धी धाकट्या नातवाने त्यांच्या ताटातून उचलली.