बाल्द म्हणजे बादली

बर्म्युडा सोडल्याला अठरा दिवस झाले होते. ओर्ताच्या धक्क्यावर पाय ठेवला आणि जमीनच डुलायला लागली. इतके दिवस शिडाच्या होडीत काढल्यावर असं होतंच म्हणे. पण कागद तपासणाऱ्या बाईंचं टेबल मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

ओर्ता हे अझोर्समधल्या फायाल बेटावरचं गाव. देश पोर्तुगाल, पण लिस्बन दीड हजार किलोमीटरहून लांब, मध्ये सगळा अटलांटिक. आमच्या कप्तानाने यादी हातात ठेवली: बटाटे, कोबी, पाव, साबण, चहा, जिन्याखालच्या कुलपाची दुसरी चावी, गॅस, बादली. जुनी बादली नवव्या दिवशी समुद्रात गेली होती. कुणाच्या हातून, ते राहू द्या.

मला पोर्तुगीजचं अक्षर येत नाही. मंडईत हातवारे सुरू केले, तर भाजीवाल्या मावशींनी ढिगावर हात ठेवून विचारलं, "बताता?" मी चमकलो. शेजारच्या हिरव्या पानांना त्या "कोव" म्हणाल्या, अननसाला "अननाश". बेकरीत "पाँव", वाण्याकडे "सबाँव". चहाला "शा", आणि तो होता याच द्वीपसमूहातल्या साँव मिगेल बेटावरचा, १८८३ पासून चालू असलेल्या गोर्रेआनाच्या मळ्यातला. पोर्तुगिजांनी आपल्याला कोणते शब्द दिले, हे शाळेत पाठ केलं होतं. पण पिशवी घेऊन रांगेत उभं राहिल्यावर ते आत्याच्या सासरच्या माणसांसारखे एकेक भेटायला लागले.

हार्डवेअरच्या दुकानात धीर करून सरळ "बादली" म्हणालो. म्हातारे दुकानदार क्षणभर थबकले. "बाल्द!" त्यांनी मला दुरुस्त केलं आणि आतून निळी प्लास्टिकची बादली आणली. चावी म्हणजे "शाव", तीही तिथेच झाली. गल्ल्यावरच्या मुलीच्या लांबलचक वाक्यात मला एकच शब्द कळला: "पगार". आपल्याकडे तो मिळतो. इथे पाकीट काढावं लागलं.

गॅसचं मात्र जमलं नाही. आमच्या सिलिंडरचं तोंड इथल्या नळीला बसेना, आणि ज्याच्याकडे दुसरी नळी होती तो सोमवारी येणार होता. वार शुक्रवार. दोन दिवस पाव आणि चीज.

दुपारी टॅक्सी करून बेटाच्या पश्चिम टोकाला गेलो. वाटभर निळ्या हायड्रेंजियाची कुंपणं, गुबगुबीत गाई, आणि एका वळणानंतर सगळं संपलं. पुढे नुसती करडी राख. २७ सप्टेंबर १९५७ ला इथल्या कापेलिन्युश दीपगृहासमोर समुद्र उकळायला लागला आणि ते तेरा महिने चाललं. ज्वालामुखीने बेटाला नवी जमीन चिकटवली. लाटांनी त्यातली बरीचशी परत नेली. दीपगृहाचा तळमजला राखेत गाडलेला आहे. माणूस गळ्यापर्यंत वाळूत पुरावा तसा वरचा मनोरा तेवढा उभा. पूर्वी त्याच्यापुढे लाटा होत्या, आज त्याच्यापुढे टेकडी आहे. मी राखेची मूठ भरली. कोरडी, खरखरीत, बोटांतून सरसर निघून गेली. आसपासची घरंशेतं अशीच गेली. अमेरिकेने १९५८ मध्ये या लोकांसाठी खास कायदा केला, त्यात तेव्हा सिनेटर असलेल्या केनेडींचाही हात होता. हजारो बेटकरी तिकडे गेले. टॅक्सीवाल्याचे दोन काका त्यांतलेच. हे सांगताना त्याने आरशातून मागे पाहिलं नाही.

संध्याकाळी खरं काम उरलं होतं. ओर्ताच्या धक्क्यावर आपल्या होडीचं चित्र काढल्याशिवाय निघालं तर पुढचा प्रवास धड होत नाही, असा खलाशांचा समज. कप्तान एरवी कशावर विश्वास ठेवत नाही, पण रंगाचा डबा त्यानेच आणला. पायाखाली, भिंतींवर, पायऱ्यांवर सगळीकडे चित्रं. रिकामी जागा शोधताना अर्धा तास गेला. शेवटी उन्हापावसाने पुसत आलेल्या एका देवमाशाशेजारी वीतभर जागा सापडली. मी गुडघे टेकून होडीचं नाव देवनागरीत काढलं, खाली साल लिहिलं आणि वर शिरोरेघ ओढली.

शेजारच्या होडीतली सात-आठ वर्षांची मुलगी बराच वेळ बघत होती. तिने हळूच सांगितलं, "रेघ खाली मारतात. तुमची वर गेली."

मी ब्रश नव्या बादलीत बुडवला.