पिल्लू आणि पिल्लावळ

परभणीच्या बाजारात 'किड्स वेअर' अशा पाट्या आता पावलापावलावर दिसतात. 'किड' म्हणजे मुळात शेळीचं करडू. इंग्रजांनी तो शब्द काही शतकांपूर्वी बोलताबोलता आपल्या लेकरांना लावला आणि तो चिकटलाच. 'किडनॅप'ही त्याच करडातून निघाला. सतराव्या शतकात इंग्लंडमधून पोरं पळवून अमेरिकेतल्या मळ्यांवर राबायला पाठवत, त्या धंद्यातला तो शब्द. आपल्याकडे मात्र कुणी 'करडू बालवाडी' काढली तर एकही पालक फिरकणार नाही.

आमच्या पेडगावात असल्या शब्दांना तोटा नाही. गाईचं वासरू, त्यात नर असेल तर गोऱ्हा, मादी असेल तर कालवड. म्हशीचं रेडकू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू, हरणीचं पाडस. माणसांना लावताना मराठी निवड करते. भाबडं पोर कोकरू होतं, आईला बिलगलेलं पाडस होतं. 'छावा' तर शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीनंतर संभाजी महाराजांच्या नावाशी कायमचा जोडला गेला, आता तो मोटारसायकलींवरही दिसतो. करडू मात्र कुणीच होत नाही. आमच्या भागातली उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळी देते आणि घरात त्यांचा हिशेब पहिल्या दिवसापासून बाजाराशी किंवा बकरी ईदशी लागलेला असतो. ते नाव लेकराला देववत नसावं, हा आपला माझा अंदाज. शिंगरू आहे, पण म्हणीत: घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांमागे शाळा सोडून ट्रॅक्टरवर बसलेली लेकरं पाहिली की ही म्हण घोड्यांची नाही हे कळतं.

घरात आम्ही दखनी बोलतो, उंबऱ्याबाहेर मराठी. 'पठ्ठा' दोन्हीकडे चालतो. उर्दूत पठ्ठा म्हणजे वयात येणारं जनावर, तसाच उस्तादाचा शागीर्दही, पण त्याच्या आधी घुबड लागलं की शिवी. मराठीत नुसतं कौतुक, 'शाब्बास रे पठ्ठ्या!' श्रीधर कुलकर्णी नावाचा शाहीर 'पठ्ठे बापूराव' म्हणून गाजला तो याच अर्थाने. माझी दादी दोन्ही भाषा वापरून घ्यायची. नात्यातलं पोर दहावी पास झालं की 'मेरा पठ्ठा', नापास झालं की घुबड.

'पिल्लू'ला अशी शिवी चिकटलेली नाही. तेलुगूतही 'पिल्ल' म्हणजे पोर, माणसाचं आणि जनावराचंही. माझ्या मुलीला घरातले सगळेच पिल्लू म्हणतात, ती आता सात वर्षांची असली तरी.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पेडगाव स्टेशनवरून पॅसेंजरने परभणीला निघालो. माझी दोन मुलं, बहिणीची दोन, धाकट्या भावाचं एक. बायको आणि बहीण बुरख्यात. डब्यात चढलो तसे खिडकीपाशी बसलेले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "आली पिल्लावळ." आवाज दबका नव्हता.

मुलगी खूश झाली. "अब्बा, पिल्लावळ बोले तो बहोत सारे पिल्लू ना?"

मी हो म्हटलं. अर्थ बरोबरच होता. दिव्यांची ओळ ती दीपावळी, पिल्लांची ओळ ती पिल्लावळ, आणि कोंबडीमागे चालणारी पिल्लावळ कुणालाही गोजिरवाणीच वाटते. आपल्या घरातलं एक असलं की पिल्लू, दुसऱ्याच्या घरातली चार दिसली की पिल्लावळ. त्यातून ही तीन घरांची पाच लेकरं, त्यांना ती एकाच बापाची वाटली असणार. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये २.३६. आकडे तोंडपाठ होते, पण ते सांगून पटवायला पेडगाव ते परभणी हे अंतर फार थोडं आहे. बायकोने डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. बहीण पोरांना बिस्किटं वाटत होती.

परभणीला उतरायची झुंबड उडाली. भावाचा तीन वर्षांचा मुलगा दारात अडकला. त्याच गृहस्थांनी त्याला काखेत धरून उचललं आणि फलाटावर माझ्या हातात दिलं.

"सांभाळा पिल्लाला," ते म्हणाले.