भिंत नसलेला किनारा

मॉरिशसला दादाकडे आल्यापासून आईला सगळा समुद्र एकदाच बघायचा होता. म्हणून आज पोरांसकट सगळ्यांना गाडीत कोंबून निघालो, समुद्र उजव्या हाताला. वाटेत खायला घेतलेल्या ढोलपुरीच्या कागदातून रस्सा आईच्या पदरावर ओघळला. ‘जाऊ दे गं,’ म्हणत तिने पदर तसाच खोचला.

ल मॉर्नचा ५५६ मीटरचा कडा आला. पळालेले गुलाम इथे लपून राहत. १८३५ साली गुलामगिरी संपली. पायथ्याशी आता हॉटेलांच्या छत्र्या. खटकलं, तरी आम्हीही सावली शोधून नारळपाणी प्यायलोच.

सुयाकजवळ ग्री-ग्रीला उतरलो. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची भिंत, त्यामुळे किनाऱ्याशी पाणी बशीत ओतलेल्या चहासारखं निवांत. इथे मात्र भिंतच नाही. लाट थेट काळ्या बसाल्टवर आपटते, ओठांवर मीठ येतं. ‘हा तर आपल्या घाटातला दगड,’ आई म्हणाली. सकाळपासून त्या गोजिऱ्या निळ्या पाण्यापाशी मला उगाच गुदमरत होतं. इथल्या गर्जनेत मोकळं वाटलं. का, ते कळेना. आईला विचारावंसं वाटलं, पण मागे शामारेल गाव बघायचं राहिलं म्हणून पोरांचं भांडण पेटलं होतं.