बिनपगारी उमेदवारी कोणाला परवडते?

पत्रकारिता शिकणाऱ्या आपल्या मुलांबद्दल एक वाक्य नेहमी कानावर येते : "यांची अजून तयारी नाही." मी प्रसारण पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि इंटर्नशिप शोधतो आहे. म्हणून या 'तयारी'चा हिशेब एकदा मांडतो.

30 सेकंदांच्या बातमीत साठ-सत्तर शब्द बसतात. तेवढ्यात कोण, कुठे, काय झाले हे लिहिता येते. बाईट घ्यायला मी 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या गर्दीत शिकलो. त्या गोंगाटात स्वच्छ आवाज पकडणाऱ्याला स्टुडिओची भीती काय? अत्याचाराच्या बातमीला गेलो की आधी एफआयआर वाचतो. अ‍ॅट्रॉसिटीची कलमे लागली का? तपास कोणाकडे आहे? 1995 च्या नियमांतला नियम 7 सांगतो की तपास अधिकारी पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जापेक्षा खालचा नसावा. हा एक प्रश्न कॅमेरा चालू ठेवून विचारा, ठाण्यातला सूर लगेच बदलतो.

एका वृत्तवाहिनीच्या मुलाखतीत यातले काहीच विचारले नाही. 'पाणी' म्हणायला लावले. ण नीट आला, तरी शेरा मिळाला, "टोन गावाकडचा आहे." उच्चार स्पष्ट हवा हे मला मान्य आहे, मी रोज मोठ्याने वाचन करतो. पण स्पष्ट बोलणे वेगळे आणि सदाशिव पेठी बोलणे वेगळे. 2019 मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीने माध्यमांतली 121 नेतृत्वाची पदे तपासली. 106 पदांवर सवर्ण होते, अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. टोन कोणाच्या कानाला खटकतो, ते यावरून समजा. 1920 साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने छापली नव्हती. आज जाहिरात छापतात, माणूस घेत नाहीत.

आणि घेतलाच, तर तीन महिने बिनपगारी! माझे वडील नाका कामगार आहेत. मुंबईतले खोलीभाडे, लोकलचा पास, दोन वेळचे जेवण कुठून आणायचे? गुणवत्तेची चाळणी इथेच लागते, आणि तिची भोके पैशाच्या मापाची असतात.

वाहिन्यांनी मानधन द्यावे ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण तोवर? जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एक हिस्सा वस्तीतल्या एका मुलीच्या किंवा मुलाच्या तीन महिन्यांच्या खर्चाला द्यावा, असे मी आमच्या मंडळाच्या बैठकीत मांडले आहे. माझे नाव त्यात नको, हेही सांगितले. दोघांनी होकार दिला. बाकीचे अजून डीजेवाल्याचा दर विचारत आहेत.

जय भीम.