पावसाळ्यातला मुक्काम

माझ्या गावची, चुडाव्याची जमीन काळी. आषाढात दोन दिवस झड लागली की पाय घोट्याच्या वर रुततो आणि चप्पल हातात घेऊन चालावं लागतं. शेतात नेताना आजी बजावायची, "धुऱ्यानं चाल, तासात पाय देऊ नको." मूग-उडदाची रोपं तेव्हा बोटभरच असायची.

त्याच दिवसांत, आषाढी पौर्णिमेला, वस्तीतल्या विहारात वर्षावासाचं वाचन सुरू व्हायचं. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज थोडा थोडा, थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत. दिवसभर निंदून आलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरी लुगडी नेसून बसायच्या. वाचायचं काम आम्हा शाळकरी पोरांकडे. जोडाक्षराला अडखळलो की मागून एखादी बाई नेमका शब्द सांगायची. तिला अक्षरओळखही नसायची. वर्षानुवर्षं ऐकून ग्रंथ त्यांच्या तोंडी बसला होता.

वर्षावास म्हणजे भिक्खूंचा एका जागचा मुक्काम. तो पावसाळ्यातच का, ते मोठेपणी भिक्खूंच्या नियमांच्या विनयपिटकाविषयी वाचताना कळलं. भिक्खू बारा महिने फिरत. पावसात त्यांच्या पायांखाली हिरवं गवत तुडवलं जातं, बारीक जीव मरतात, पाखरंसुद्धा या दिवसांत घरटं करून राहतात, अशी लोकांनी तक्रार केली. मग बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. आजीला विनय ठाऊक नव्हता. तिला पीक ठाऊक होतं.

पुढे आमच्या तालुक्याच्या गावाहून, पूर्ण्याहून रात्रीच्या गाडीनं नाशिकला जाऊन त्रिरश्मी डोंगरावरची लेणी पाहिली. पायऱ्या चढताना लोकांची वर्दळ होती. पांडवलेणी म्हणून आलेले, फोटोसाठी आलेले. मी दहाव्या लेण्यापाशी रेंगाळलो. आत मोठा मंडप, भोवती भिक्खूंच्या खोल्या, खोलीत कातळातच कोरलेला झोपायचा ओटा. एक माणूस आणि त्याचं पाऊस संपेपर्यंतचं थांबणं, एवढ्याच मापाची जागा.

या लेण्यातले बरेच ब्राह्मी लेख नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यानं जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, 2000 कार्षापण नाणी ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना त्यातून प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. वर्षाचे 240 बरोबर बसतात. राजघराण्याच्या दानाची थोरवी मला मान्य आहे, पण माझं मन त्या विणकरांपाशी अडकलं. दान एकदा देऊन झालं. व्याज मात्र त्यांनी माग चालवून, महिन्यामागून महिना उभं करायचं होतं. त्यांतल्या एकाचंही नाव भिंतीवर नाही.

खाली शहरातून जाणारी गोदावरी पुढे आमच्या तालुक्यात येते. तिच्या काठची कितीतरी घरं दिवाळीच्या सुमाराला कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि पावसाळ्यापुरती घरी थांबतात. त्यांचा मुक्कामही काही महिन्यांचाच. त्या महिन्यांसाठी कोणी मुद्दल ठेवलेलं नाही. उलट मुकादमाची उचल अंगावर असते. वर्षावासाचं पुण्य सांगताना या थांबण्याचाही विचार आपण केला पाहिजे, असं मला फार वाटतं.

गावी गेल्यावर लेण्यातला तो विणकरांचा लेख आत्याला सांगितला. ती बचत गटाचा हिशोब बघते; विहारातल्या खिरीचे पैसेही गटातूनच निघतात. शेकडा एक, दोन हजार, वीस जण... तिनं बोटांवर हिशोब केला आणि मान हलवली. मग म्हणाली, "अन् ज्या साली पाऊसच पडला नाही, कापूस आला नाही, त्या साली विणकरांनी व्याज कुठून भरलं रे?"