पाच नंबरचा शर्ट

मित्रांनो, आज मी तुम्हाला एका मैदानावर घेऊन जाणार आहे. तिथं स्टंप नाहीत, पॅड बांधलेले फलंदाज नाहीत आणि चहापानाची सुट्टीसुद्धा नाही! हे आहे बेसबॉलचं मैदान. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातलं फेनवे पार्क.

बॉस्टनमध्ये जमिनीखालून धावणाऱ्या गाड्या आहेत. त्यातली 'ग्रीन लाइन'ची गाडी पकडायची, केनमोर स्टेशनवर उतरायचं आणि गर्दी जाईल तिकडे चालत सुटायचं. कुणाला पत्ता विचारायची गरजच पडत नाही. मी गेलो तेव्हा माझी अकरा वर्षांची पुतणी माझ्याबरोबर होती. ती तिथंच वाढलेली, त्यामुळे वाट ती दाखवत होती आणि काका मुकाट्यानं मागून चालला होता.

हे मैदान सुरू झालं २० एप्रिल १९१२ रोजी. टायटॅनिक जहाज बुडाल्याला तेव्हा जेमतेम पाच दिवस झाले होते! मोठमोठ्या संघांची जी मैदानं आज अमेरिकेत वापरात आहेत, त्यांत हे सगळ्यात जुनं. आत शिरलं की पहिल्यांदा नजरेत भरते ती डावीकडची हिरवीगार भिंत. उंची ३७ फूट, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी. लोक लाडानं तिला 'हिरवा राक्षस' म्हणतात. भिंतीच्या पोटात धावफलक आहे. तो अजूनही आत बसलेली माणसं हातानं पाट्या बदलून चालवतात. संगणकाच्या देशात हे पाहून मला भारी गंमत वाटली.

आता उजवीकडे वर पाहा. तिथं मोठमोठे आकडे लावलेले दिसतील. ९, ४, १, ८, २७... हे धावांचे आकडे नव्हेत बरं का! बॉस्टन रेड सॉक्स या इथल्या संघाच्या थोर खेळाडूंच्या शर्टांवरचे हे नंबर. एकदा नंबर इथं चढला की तो पुन्हा कुठल्याही खेळाडूला देत नाहीत.

आमच्या पुढच्या रांगेत एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांच्या अंगात ५ नंबरचा जुना, धुऊन धुऊन विटलेला शर्ट होता. पुतणीनं वर पाहिलं, मग शर्टाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काका, पाच नंबर वर कुठाय?"

नव्हताच तो वर. का नव्हता, त्याचीच ही गोष्ट.

तो शर्ट होता नोमार गार्सियापाराचा. 'नोमार' हे नाव कसं पडलं ठाऊक आहे? त्याच्या वडिलांचं नाव रामोन. त्याची इंग्रजी अक्षरं उलटी लिहून पाहा म्हणजे कळेल! नोमार 'शॉर्टस्टॉप' या जागेवर खेळायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा. चेंडू इथं सुसाट येतो, तो टिपून क्षणात पहिल्या बेसकडे फेकावा लागतो. चपळ माणसाचंच काम ते.

१९९७ साली तो त्याच्या लीगमधला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. १९९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन वर्षं त्याची फलंदाजीची सरासरी लीगमध्ये सगळ्यात जास्त होती. २००० साली ती होती ०.३७२, म्हणजे शंभर संधींमध्ये सदतीस यशस्वी फटके. तुम्ही म्हणाल, एवढंच? अहो, बेसबॉलमध्ये शंभरात तीस जमले तरी फलंदाज उत्तम समजला जातो! चेंडू खेळण्याआधी तो हातमोज्यांचे पट्टे पुन्हा पुन्हा ओढायचा आणि बुटांची टोकं आळीपाळीनं जमिनीवर आपटायचा. बॉस्टनच्या गल्लीबोळातली पोरं हुबेहूब तसंच करायची.

पण १९९९ साली एक वेगवान चेंडू त्याच्या मनगटावर आदळला होता. ते दुखणं पुढं बळावलं. २००१ साली मनगटाची शस्त्रक्रिया झाली आणि त्या मोसमात त्याला फक्त २१ सामने खेळता आले. एका मोसमात सामने किती असतात? १६२! सहा महिने जवळजवळ रोज सामना. पुढची दोन वर्षं तो पुन्हा नीट खेळला. मग २००४ मध्ये टाचेच्या वरची जाड शीर दुखावली आणि सुरुवातीचे ५७ सामने त्याला बाहेर बसावं लागलं.

आता खरी अडचण पाहा. हात मोडला तर प्लास्टर दिसतं. शीर दुखत असेल तर बाहेरून काय दिसणार? १ जुलै २००४ रोजी न्यूयॉर्कच्या यांकीज संघाशी सामना होता. यांकीज म्हणजे रेड सॉक्सचे हाडवैरी. त्या दिवशी यांकीजच्या डेरेक जीटरनं एक झेल पकडला आणि त्याच वेगात तो थेट प्रेक्षकांत जाऊन पडला. उठला तेव्हा चेहऱ्यावर रक्त होतं. तोही शॉर्टस्टॉपच! आणि आपला नोमार? तो त्या सामन्यात बाहेर बसलेला. झालं! लोक तुलना करू लागले. "याला खरंच दुखतंय की मनच नाही खेळायचं?" कालपर्यंत डोक्यावर घेणारेच असं बोलू लागले.

रेड सॉक्सचा जनरल मॅनेजर होता थिओ एपस्टाइन, वय अवघं तीस. बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइन गावात वाढलेला, लहानपणापासून याच संघाचा चाहता. त्याच्यासमोर हिशोब असा होता : संघ १९१८ नंतर एकदाही विजेता झालेला नाही. क्षेत्ररक्षण कच्चं आहे. नोमार उरलेले सगळे सामने खेळू शकेल याची खात्री नाही. त्याचा करारही वर्षअखेर संपणार. आणि खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख होती ३१ जुलै.

त्याच दिवशी चार संघांमध्ये मिळून अदलाबदल झाली. नोमार शिकागोच्या कब्ज संघाकडे गेला. बदल्यात बॉस्टनला शॉर्टस्टॉप ऑर्लांडो काब्रेरा आणि पहिला बेस सांभाळणारा डग मिंकेविच मिळाले. त्या दिवशी रेड सॉक्सचा मुक्काम मिनेसोटात होता आणि मिंकेविच होता मिनेसोटाच्याच संघात! त्याला फक्त समोरच्या संघाच्या खोलीत सामान हलवावं लागलं. नोमारला मात्र शहरच सोडावं लागलं. त्याचा ३१वा वाढदिवस होऊन आठच दिवस झाले होते.

पुतणीच्या डोळ्यांत एकदम राग आला. "पण काका, तो मुद्दाम थोडाच जखमी झाला? याच संघासाठी खेळताना लागलं ना त्याला?"

खरंच होतं तिचं. पण पुढं ऐका. ऑक्टोबरमध्ये रेड सॉक्सची यांकीजशी पुन्हा गाठ पडली. तीन सामने हरल्यावर त्यांनी ओळीनं चार जिंकले. असं त्याआधी बेसबॉलमध्ये कोणालाच जमलं नव्हतं! मग २७ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये त्यांनी अंतिम मालिकाही जिंकली. तब्बल ८६ वर्षांनी! शेवटचा चेंडू कोणाच्या हातात विसावला? त्याच डग मिंकेविचच्या.

म्हणजे एपस्टाइनचा हिशोब बरोबर निघाला. नोमारला ठेवलं असतं तर जिंकले नसते का, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि संघाला इथवर आणण्यात त्याचाही घाम होताच की! ज्या क्षणाची त्यानं इतकी वर्षं वाट पाहिली, त्या क्षणी तो तिथं नव्हता.

पुढंही दुखण्यांनी त्याची पाठ सोडली नाही. आधी शिकागो, मग लॉस एंजेलिस, मग ओकलंड. अखेर ६ जुलै २००९ रोजी तो ओकलंडचा खेळाडू म्हणून फेनवे पार्कवर परतला. तो फलंदाजीला आला आणि सगळं मैदान उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. पाच वर्षांपूर्वी कुरकुर करणाऱ्यांतलेही कितीतरी जण त्या गर्दीत असतील! मार्च २०१० मध्ये रेड सॉक्सनं त्याच्याशी फक्त एका दिवसाचा करार केला. कशासाठी? त्याला रेड सॉक्सचा खेळाडू म्हणूनच निवृत्त होता यावं म्हणून.

निघताना पुतणीनं मला मैदानाच्या उजव्या कोपऱ्यातला पिवळा खांब दाखवला. तो 'पेस्कीचा खांब'. जॉनी पेस्की हाही इथलाच शॉर्टस्टॉप. त्यालाही १९५२ साली संघानं डेट्रॉइटला देऊन टाकलं होतं. पण तो परत आला, प्रशिक्षक झाला आणि २०१२ मध्ये वारला तोवर त्याचं या संघाशी नातं टिकून होतं. त्याचा ६ नंबर वर झळकतो आहे.

मित्रांनो, संघ म्हटला की कधी ना कधी कोणाला तरी बाहेर बसवावं लागतं. तुमच्या शाळेच्या कबड्डी संघातसुद्धा. तो निर्णय चुकीचाच असतो असं नाही. पण "नाटक करतोय" असं म्हणून कोणाला घालवणं वेगळं आणि "तू आमच्यासाठी खूप केलंस" असं सांगून निरोप देणं वेगळं. पहिल्यासाठी काहीच लागत नाही. दुसऱ्यासाठी बॉस्टनला पाच वर्षं लागली.

सामना संपल्यावर पुतणीनं त्या आजीबाईंना धीर करून विचारलंच, "तुम्ही अजून हा शर्ट घालता?"

आजीबाई हसल्या. म्हणाल्या, "तो वर भिंतीवर नाही ना, म्हणून तर मी घालते."